वाचकांचे प्रश्न : स्टॅटिक, अर्थिंग आणि भरलेला कपॅसिटर

प्रश्न : एप्रिलमध्ये संगणकाची रॅम घरीच बदलली. हाताला चटका वगैरे काही बसला नाही. आता दोन महिन्यांनी संगणक मधेच बंद पडतो. हे स्टॅटिकमुळे, म्हणजे अंगावर साचलेल्या विजेच्या भारामुळे, असेल का? (नागपूर)

उत्तर : असू शकतं. बोटाला ठिणगी जाणवायला साधारण 3000 व्होल्ट लागतात, पण कित्येक चिपांचं नुकसान 100 व्होल्टलाच होतं. म्हणजे चटका बसला नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही. चिपमधला ऑक्साइडचा थर पूर्ण फुटला तर ती तिथेच मरते. तो नुसता दुखावला, तर चिप काही दिवस चालते आणि मग दगा देते. तरी लगेच स्टॅटिकवर खापर फोडू नका. आधी रॅम काढून तिचे सोनेरी संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, दोन्ही खटके नीट बसेपर्यंत दाबून बसवा आणि मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवा. त्यात चुका दिसल्या तरच रॅम बदला.

विदर्भात उन्हाळ्यात हवा फार कोरडी असते. आर्द्रता 40 टक्क्यांच्या खाली गेली की अंगावर साचलेला भार लवकर उतरत नाही. कूलर चालू असलेल्या खोलीत, पण त्याच्या झोतापासून लांब बसून काम करणं बरं. बोर्ड थर्माकोलवर किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीवर ठेवू नका. चंदेरी शील्डिंग पिशवी आतल्या वस्तूचं रक्षण करते, चटई म्हणून ती वापरायची नसते.

प्रश्न : रिस्ट स्ट्रॅप (अंगावरचा भार वायरीने उतरवणारा मनगटाचा पट्टा) आणला आहे. त्याची क्लिप कुठे लावायची? वाडा जुना आहे, अर्थिंगची खात्री नाही. (सातारा)

उत्तर : खात्री नाही हे तुमच्या लक्षात आलं, हेच महत्त्वाचं. तीन पिनांचं सॉकेट दिसलं की अर्थिंग आहे, असं बरेच जण धरून चालतात.

मल्टिमीटर एसीच्या 600 किंवा 750 व्होल्टच्या रेंजवर ठेवा. सॉकेटकडे समोरून पाहिलं तर वरचं मोठं भोक अर्थ, उजवं फेज, डावं न्यूट्रल. फेज ते अर्थ 230 च्या आसपास आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत, हे ठीक. फेज ते अर्थ 50, 90, 120 असा भरकटणारा आकडा आला, तर अर्थची तार कुठेही पोचलेली नाही. आता इस्त्री किंवा गीझर चालू करून पुन्हा मोजा. भार पडला की न्यूट्रल ते अर्थ थोडा आकडा वाढायला हवा. तो शून्यालाच चिकटून राहिला, तर कोणीतरी सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून ठेवल्याचा संशय घ्या. हा जुगाड जीवघेणा आहे : मागे कुठे न्यूट्रल तुटला, तर यंत्राच्या पत्र्यावर थेट फेज येते. इलेक्ट्रिशियनकडून तो काढून घेतल्याशिवाय दुसरं काही करू नका.

अर्थिंग होईपर्यंत क्लिप कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला लावा, प्लग मात्र काढलेला हवा. तुम्ही, बोर्ड आणि त्याच्याखालची अँटिस्टॅटिक चटई विजेच्या एकाच पातळीवर आलात की ठिणगी पडायला कारण उरत नाही. पाण्याच्या नळावर भिस्त ठेवू नका, मधेच पीव्हीसीचा तुकडा असतो.

स्ट्रॅपच्या वायरीत 1 मेगाओहमचा रेझिस्टर असतो. चुकून 230 व्होल्टला हात लागला, तर स्ट्रॅपमधून सुमारे 0.23 मिलिअँपिअरच वाहावेत, म्हणून तो आहे. पट्टा आणि क्लिप यांच्यात ओहम मोजून पाहा. शून्याजवळ आलं तर स्ट्रॅप फेकून द्या, काहीच दाखवलं नाही तर वायर तुटलेली आहे. बिनवायरचे स्ट्रॅप घेऊ नका, त्यांत भार जायला वाटच नसते.

प्रश्न : मग चालू एसएमपीएस (घरच्या विजेपासून यंत्राला लागणारं कमी व्होल्टचं डीसी बनवणारा पॉवर सप्लाय) तपासतानाही स्ट्रॅप घालावा का?

उत्तर : नाही. स्ट्रॅप बोर्डासाठी आहे, तुमच्यासाठी नाही. प्लग लावायच्या आधी तो काढून ठेवा. मेन्सला, म्हणजे घरच्या विजेला, जोडलेल्या बाजूवर काम करताना अंग अर्थला बांधलेलं असणं वाईटच. पहिल्यांदा वीज देताना 60 किंवा 100 वॉटचा साधा फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये लावा. शॉर्ट असेल तर बल्ब भगभगीत पेटतो आणि पुढचं जळणं टळतं. पण सिरीज बोर्ड शॉकपासून वाचवत नाही, त्यासाठी यंत्राला मेन्सपासून वेगळं ठेवणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लागतो.

प्रश्न : एसएमपीएसचा मोठा कपॅसिटर (वीज साठवून ठेवणारा भाग) स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून उतरवतात. चालेल का? (मडगाव)

उत्तर : ही सवय सोडाच. 230 व्होल्ट एसीचे रेक्टिफायरनंतर (एसीचं डीसी करणाऱ्या भागानंतर) सुमारे 325 व्होल्ट डीसी होतात. 220 मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये त्या दाबाला साडेअकरा ज्यूल ऊर्जा साठते. शॉर्ट केलं की ती एका क्षणात टोकावर सुटते : वितळलेल्या धातूचे कण डोळ्यांकडे उडतात, ट्रॅक उखडतो, कपॅसिटरही दुखावतो.

त्याऐवजी 2.2 किलोओहम, 10 वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर घ्या, दोन्ही टोकांना इन्सुलेटेड वायरी आणि प्रोब जोडा. प्लग काढा, एक हात मागे ठेवा, प्रोब कपॅसिटरच्या दोन पायांवर दहा सेकंद धरा. तसं अडीच सेकंदांत जवळजवळ सगळं उतरतं. मग डीसी व्होल्ट मोजा, मिनिटभराने पुन्हा मोजा, कारण मोठे कपॅसिटर थोडं व्होल्टेज परत दाखवतात. 5 व्होल्टच्या खाली आल्यावरच हात घाला.

बंद पडलेला एसएमपीएस चालू असलेल्यापेक्षा जास्त जपून हाताळावा. चालू असलेला एसएमपीएस प्लग काढल्यावरही वीज ओढून कपॅसिटर बऱ्यापैकी रिकामा करतो. स्टार्टअपचा रेझिस्टर किंवा आयसी गेलेला असला, तर ते घडत नाही. उतरवायला वेगळा रेझिस्टर बसवलेला नसेल, तर कपॅसिटर प्लग काढल्यावरही बराच वेळ भरलेला राहतो.