शुक्रवारी पाचच्या आत सही

“कंपनी डबघाईला आलीय, पगारकपातीच्या कागदावर सही मागतायत. केली तर आपल्याच पोटावर पाय, नाही केली तर नोकरीवर गदा. काय करू?” हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे अनेक जण घेऊन येतात. मला आठवते ती जून 2020 मधली एक केबिन क्रू. (‘हवाई सुंदरी’ म्हटलेलं तिला खपत नाही.) ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

कोविडच्या टाळेबंदीत 25 मार्चला देशातली विमानं जमिनीवर आली आणि 25 मेपासून जेमतेम उडू लागली. ही पहिल्या व्हिडिओ कॉलला आली ती घट्ट अंबाडा, लाल लिपस्टिक अशी, ड्युटीवर निघाल्यासारखी. मागे कळव्याच्या वन बीएचकेतला कपड्यांचा स्टँड. “मॅडम, आठ दिवस झोप नाही,” हे वाक्यही तिने हसत सांगितलं. नऊ वर्षांच्या नोकरीत अंगात मुरलेलं हसू होतं ते.

कागदात मूळ पगारात 20 टक्के कपात, महिन्यातून काही दिवस बिनपगारी रजा आणि ‘पुढील सूचना मिळेपर्यंत’ हे तीन शब्द. मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाच. उड्डाणंच नसल्याने फ्लाइंग अलाउन्स आधीच गेलेला. क्रूच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निम्मे म्हणत होते, कुणीच सही करू नका. उरलेले गप्प, म्हणजे बहुधा सही करून मोकळे झालेले.

इथे मी एक चूक केली. घाईघाईने म्हटलं, “सध्या नोकरी टिकवणं महत्त्वाचं.” तिने मान डोलावली, हसली आणि पुढची वीस मिनिटं माझ्याशी प्रवाशाशी बोलावं तशी बोलली. दुसऱ्या दिवशी मीच फोन करून माफी मागितली. तेव्हा खरं बाहेर आलं. तिची मैत्रीण जेट एअरवेजमध्ये होती. 17 एप्रिल 2019 ला जेटचं शेवटचं विमान उडालं, तेव्हा पगार थकलेले होते. “त्यांनी कंपनीला सांभाळून घेतलं, काय मिळालं? आणि मी सही केली तर ग्रुपवर गद्दार ठरणार.” म्हणजे कागद पैशांचा होता, पण ती परीक्षा देत होती निष्ठेची, तीही एकाच वेळी दोन ठिकाणी.

कंपनी तरेल की नाही, हे तिच्या हातात नव्हतं, माझ्याही नव्हतं. म्हणून वही काढायला लावली. हप्ता, साताऱ्याला आईची औषधं, किराणा. कापलेल्या पगारात घर किती महिने चालेल? बँकांनी हप्ते लांबवायची मुभा दिली होती ती 31 ऑगस्टपर्यंत, तेही व्याज चालू ठेवून. मग ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम. ती त्या वेळच्या कायद्यात शेवटच्या मूळ पगारावर (आणि महागाई भत्त्यावर) ठरायची. तिचं मूळ वेतन 30 हजार. महिना 26 दिवसांचा धरून वर्षाला 15 दिवसांचा पगार, गुणिले 9 वर्षं केलं की सुमारे 1 लाख 56 हजार. मूळ पगार 24 हजारांवर आल्यावर सोडून गेली, तर सुमारे 1 लाख 25 हजार. तीच कपात इतर भत्त्यांत असती, तर हा आकडा हललाही नसता. हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा ती न हसता चिडली, आणि मला बरं वाटलं.

कायद्याचं मी तिला कामगार वकिलाकडेच पाठवलं. त्या वेळच्या औद्योगिक विवाद कायद्यात पगाराच्या अटी बदलायला 21 दिवसांची नोटीस होती, पण फक्त ‘कामगार’ ठरणाऱ्यांसाठी. ती त्यात बसते का, यावरच भांडण झालं असतं. आता कायदा बदलला आहे, तेव्हा विचारूनच पाऊल टाका.

तिला अमेरिकन एअरलाइन्सची गोष्टही सांगितली. एप्रिल 2003 मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या दारात होती. तिथल्या क्रूने मतदानाची मुदत वाढवल्यावर कशीबशी कपात मान्य केली. आणि मग कळलं, वरच्या साहेबांनी स्वतःच्या बोनसची आणि पेन्शनची सोय आधीच करून ठेवली होती. पंगतीला उपाशी ठेवून वाढप्यांनीच जेवून घेतलेलं! प्रमुख डोनाल्ड कार्टी यांना 24 एप्रिलला राजीनामा द्यावा लागला. माणूस कपात एकवेळ पचवतो, असली फसवणूक वर्षानुवर्षं घशात राहते.

म्हणून तिने एचआरला मेल केला : वरिष्ठांची कपात किती? कधीपर्यंत? गाडी रुळावर आली तर परत काय मिळणार? उत्तर फक्त पहिल्याचं आलं.

शुक्रवारी चार चाळीसला तिने सही केली. मेल तसाच जपून ठेवला आणि ग्रुपवर स्वतःहून लिहिलं, “मी केली. माझा हप्ता आहे.” दोघी ग्रुप सोडून गेल्या. तिच्याच विमानतळावरून ड्युटी करणाऱ्या एकीने सही केली नाही, आणि तिचंही काही चुकलं असं मला वाटत नाही. तिच्यावर कर्ज नव्हतं. कंपनीने तारीख दिली नाही, म्हणून हिने आपली ठरवली : 31 मार्च. तोवर पगार पूर्ववत झाला नाही, तर दुसरीकडे अर्ज.

त्या तारखेला सकाळी मेसेज आला : “मॅडम, निम्मी कपात उठली. निम्म्या रागाचं काय करू?”

बुधवारची वेळ दिली.