सोलर आणि पवनचक्क्यांनी कोळसा खरंच बंद होईल का? आमच्या सोसायटीने सोलर बसवावं का?

बसवाच. पण कोळसा एवढ्यात बंद होईल असं धरून चालू नका.

कोथरूडला आमच्या सोसायटीत कॉमन मीटरवर, म्हणजे लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे, २० किलोवॅट बसवलंय. उन्हाळ्यात दिवसाला ८० युनिटच्या आसपास मिळतात, जुलै-ऑगस्टमध्ये आभाळ भरलं की निम्मेसुद्धा होत नाहीत, आणि गच्चीची साधारण २००० स्क्वेअर फूट जागा गेली त्यावरून मीटिंगमध्ये भांडणं झाली ती वेगळीच, कुरडया वाळवायच्या कुठे हा प्रश्न काही फालतू नव्हता. शेजारी बांधकाम असेल तर धुळीमुळे पंधरा दिवसांनी पॅनल धुवावेच लागतात. आणि बॅटरी नसेल तर लाईट गेली की सोलरही बंद पडतं, कारण तारेत करंट राहिला तर खांबावरच्या वायरमनच्या जिवावर बेतेल.

खरी अडचण संध्याकाळी ७ नंतरची. नेट मीटरिंगमुळे दुपारचे युनिट बिलात वळते होतात पण ते हिशोबापुरतं, संध्याकाळची खरी वीज चंद्रपूरसारख्या कोळशाच्या केंद्रांतून नाहीतर कोयना धरणाच्या पाण्यावर येते. कोयना १९६० मेगावॅटची, काही मिनिटांत चालू होते, पण पाणी मोजूनच, वीजेसाठी पश्चिमेला वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफूट) मर्यादा आहे. घाटघरला जादा वीज असताना पाणी वर चढवून गरजेला खाली सोडतात, ते २५० मेगावॅट, असं अजून खूप लागेल. साताऱ्याकडे चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांना पावसाळ्यातच जोराचा वारा मिळतो, म्हणजे नेमकं सोलर कमी पडतं तेव्हा, ही जोडी मला फार मोलाची वाटते.

पण कोळसा नाही म्हणजे कोणाचं नुकसान नाही असं मी तरी म्हणणार नाही. मुळशी आपल्या शेजारीच आहे. १९२१ मध्ये तिथे वीजेसाठीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापट त्यासाठी तुरुंगात गेले, तरी धरण झालंच, मावळातल्या शेतकऱ्यांची भातखाचरं बुडाली आणि वीज मुंबईला गेली. म्हणून मी आधी गच्ची म्हणतो, तिथे कोणाचं गाव उठत नाही, त्रास झाला तर आपल्यालाच.

आणि बसवलंत की टाकी भरायचा पंप संध्याकाळी लावू नका, दुपारी १२ ला लावा. आम्ही वॉचमनकाकांना सांगून तेवढं पहिल्याच आठवड्यात बदललं.