एचआयव्हीचे नेफ प्रथिन सीडी४ रिसेप्टर का काढून टाकते?

ज्या सीडी४ रिसेप्टरला (रोगप्रतिकारक टी पेशींच्या पृष्ठभागावरील प्रथिनाला) धरून एचआयव्ही पेशीत शिरतो, तोच रिसेप्टर त्याचे नेफ प्रथिन नंतर का काढून टाकते आणि रुग्णाचा सीडी४ काउंट त्यामुळेच घटतो का, असे आपण विचारले आहे. मी सोलापुरात प्रयोगशाळेत काम करतो आणि जांभळ्या टोपणाच्या नळीतून येणाऱ्या रक्तावर ही तपासणी बरीच वर्षे केली आहे, म्हणून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: थेट त्यामुळे घटत नाही. काउंट म्हणजे एका मायक्रोलिटर रक्तातील सीडी४ पेशींची, म्हणजे हा रिसेप्टर असलेल्या टी पेशींची, संख्या; एकेका पेशीवर किती रिसेप्टर आहेत, हे त्या आकड्यात येत नाही. शिवाय रक्तातील सीडी४ पेशींपैकी एका वेळी बाधित असतात त्या फार थोड्या. काउंट उतरतो तो मुख्यतः पेशी मरतात म्हणून, आणि मरणाऱ्या पुष्कळ पेशींमध्ये तर विषाणूची वाढ पुरी झालेलीही नसते.

आता नेफकडे वळू. विषाणूच्या आवरणावरील जीपी१२० प्रथिन आधी सीडी४ला आणि मग पेशीवरच्याच सीसीआर५ किंवा सीएक्ससीआर४ या दुसऱ्या रिसेप्टरला चिकटते, तेव्हा प्रवेश होतो. एकदा आत गेल्यावर मात्र सीडी४ ही विषाणूला अडचण होऊन बसते, कारण नव्याने तयार झालेल्या विषाणूंवरचे जीपी१२० त्याच पेशीच्या सीडी४मध्ये अडकते. आमच्या सोलापूरच्या भाषेत सांगायचे, तर चादर विणून झाली पण मागावरून उतरेना. दुसरा धोका याहून मोठा आहे: सीडी४ला चिकटलेल्या जीपी१२०चे एरवी झाकलेले भाग उघडे पडतात, रुग्णाच्या रक्तातील प्रतिपिंडे नेमकी तिथे बसतात आणि त्या खुणेवरून एनके नावाच्या रोगप्रतिकारक पेशी बाधित पेशीला मारतात. म्हणून नेफ पृष्ठभागावरचा सीडी४ आत ओढून लायसोसोमकडे, म्हणजे पेशीतील प्रथिने मोडणाऱ्या पिशवीकडे, पाठवते, तर नंतर तयार होणारे व्हीपीयू प्रथिन नवा सीडी४ बाहेर पडण्याआधीच त्याची विल्हेवाट लावते. एकाच रिसेप्टरसाठी दोन प्रथिने राबतात, यावरूनच त्याची अडचण केवढी असेल ते कळते.

नेफचे दुसरे काम मला अधिक धूर्तपणाचे वाटते. मारक टी पेशींना संसर्गाची खूण दाखवणारे एचएलए-ए आणि एचएलए-बी हे रेणू ते पृष्ठभागावरून हटवते. पण सगळेच रेणू गेले, तर एनके पेशींना संशय येतो, म्हणून एचएलए-सी आणि एचएलए-ई यांना ते बहुतांशी हात लावत नाही.

नेफ विषाणूसाठी किती महत्त्वाचे आहे, याचा पुरावा माणसांमध्येही मिळाला आहे. ऑस्ट्रेलियात एकाच रक्तदात्याकडून संसर्ग झालेल्या काही व्यक्तींच्या विषाणूमध्ये नेफच्या जनुकाचा भाग गळालेला होता, असे १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. औषधांशिवाय त्यांचा आजार अनेक वर्षे फार संथ राहिला, तरी पुढे त्यांच्यापैकी काहींचा काउंट उतरलाच.