एअर फिल्टर घरी बदला, पण त्याला हवा मारू नका

तुम्ही विचारलंय की गाडीचे एअर फिल्टर कुठे असतात आणि ते घरी बदलावेत की नुसती हवा मारून परत बसवले तरी चालतं. पहिल्याचं उत्तर दोन मिनिटांचं आहे. दुसऱ्यावर जरा जास्त बोलणार आहे, कारण ‘हवा मारली की झाला नवा’ हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत.

फिल्टर दोन. इंजिनाचा बोनेटखाली, काळ्या प्लास्टिकच्या डब्यात. डबा ओळखू येत नसेल तर इंजिनाकडून उलटं या: थ्रॉटल बॉडीला (इंजिनात हवा सोडणारी झडप) किंवा टर्बोला (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) जोडलेला जाड, वळ्यांचा रबरी पाइप धरून मागे गेलात की तो सापडतोच. दुसरा केबिनचा, ज्याला सगळे एसी फिल्टर म्हणतात. तो बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो, काहींत वायपरखालच्या जाळीपाशी, काहींत मधल्या कन्सोलच्या बाजूला पायाशी.

आता हवा मारणं. एक लिटर पेट्रोल जाळायला इंजिन साधारण ११ किलो, म्हणजे जवळपास ९,००० लिटर हवा ओढतं. ही सगळी त्या घड्यांच्या कागदातून जाते. कागदात तंतूंचं जाळं असतं आणि बारीक धूळ त्याच्या आत खोलवर अडकते. थोडी धूळ धरलेला कागद कोऱ्या कागदापेक्षा बारीक कण जास्त चांगले अडवतो, कारण तो थरही गाळायला लागतो. म्हणजे फिल्टर काळपट दिसतोय याचा अर्थ तो तुंबलाय असा होत नाही. कॉम्प्रेसरचं नोझल जवळ धरून हवा मारली की वरवरची धूळ उडते, आतली तिथेच राहते आणि तंतू फाटून टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात. घड्यांमागे टॉर्च धरून पाहा, कधी कधी प्रकाशाचे ठिपके दिसतात. त्यातून गेलेली धूळ सिलिंडरच्या भिंती आणि पिस्टनच्या रिंगा घासते, टर्बो असेल तर त्याची पातीसुद्धा. गाडी मात्र तक्रार करत नाही. हवा मोकळी मिळाल्याने पिकअप उलट सुधारल्यासारखा वाटतो आणि हवा मारणारा खूश.

मग ‘अ‍ॅव्हरेज वाढतं’ हा युक्तिवाद येतो. तो कार्ब्युरेटरच्या, म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण कॉम्प्युटरविना करणाऱ्या जुन्या यंत्रणेच्या काळातला. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली इंजेक्शनच्या, म्हणजे कॉम्प्युटर मोजून पेट्रोल सोडतो अशा गाड्यांना मुद्दाम तुंबवलेले फिल्टर लावून मोजलं, तर अ‍ॅव्हरेजमध्ये म्हणावा असा फरक पडला नाही, पिकअप तेवढा कमी झाला. हवा कमी आली की कॉम्प्युटर पेट्रोलही त्या मापाने कमी सोडतो.

त्यामुळे माझं मत असं, की बदलायची वेळ येईपर्यंत फिल्टरला हात लावू नका आणि वेळ आली की सरळ नवा टाका. बहुतेक मॅन्युअलमध्ये इंजिनाचा फिल्टर २०,००० ते ४०,००० किमीला सांगितलेला असतो. धुळीत फिरणारी गाडी असेल तर निम्म्यावर.

बदलताना इंजिन थंड हवं. क्लिपा किंवा स्क्रू सोडा, झाकण थोडंसं उचला, फिल्टर सरकवून काढा. बऱ्याच गाड्यांत झाकणाजवळच पाइपाच्या तोंडाशी मास एअर फ्लो सेन्सर, म्हणजे आत जाणारी हवा मोजणारा सेन्सर असतो. त्याची वायर ताणू नका, आत बोट घालू नका. डब्याच्या मळक्या भागात वाळकी पानं, किडे, माती मिळेल, ती व्हॅक्यूमने किंवा ओल्या फडक्याने काढा. मग फिल्टरच्या पलीकडची, इंजिनाकडची बाजू बोटाने पुसून बघा. बोटाला धूळ लागली तर जुना फिल्टर फाटलेला होता किंवा नीट बसलेला नव्हता.

नवा टाकताना त्याची रबरी कड खोबणीत चारही बाजूंनी बसली पाहिजे. सर्वांत जास्त चूक होते ती झाकणाच्या मागच्या जिभांची. त्या आधी खाचांत अडकवायच्या, मग पुढच्या क्लिपा. जिभा बाहेर राहिल्या तरी क्लिपा जोर लावून बसतात, डबा बंद दिसतो आणि मागे फट राहते. ही फट सेन्सरच्या अलीकडे असल्यामुळे हवा मोजली जाते पण गाळली जात नाही, म्हणून चेक इंजिनचा दिवाही सहसा लागत नाही. सेन्सरच्या पुढचा पाइप सुटला तर निदान आयडलिंग डळमळतं आणि कळतं तरी. क्लिपला जोर लागतोय? उघडा, काहीतरी वाकडं बसलंय.

केबिनचा सोपा. ग्लोव्ह बॉक्स रिकामा करा, बाजूचा डॅम्पर किंवा दोरी सोडवा, दोन्ही कडा आत दाबा, तो खाली लोंबेल. मागच्या झाकणाच्या खिट्ट्या दाबून फिल्टर सपाट ओढा. तिरका केलात तर त्यावरची पानं ब्लोअरमध्ये पडतात आणि मग पंखा लावला की टकटक. बाणाचा घोळ इथे होतो: ‘एअर फ्लो’चा बाण हवेची दिशा दाखवतो, ‘अप’चा फक्त फिल्टरची वरची बाजू. जुना उलटा बसवलेला असू शकतो, म्हणून त्याच्यावरचा बाण बघून नक्कल करू नका. त्याची मळकी बाजू कोणत्या दिशेला होती ते पाहा, हवा तिकडूनच येते. कार्बनचा करडा फिल्टर धुऊ नका. साधारण १५,००० किमी किंवा वर्षभर, आणि काच लवकर धुरकटू लागली किंवा हवा कमी येऊ लागली तर त्याआधीच.

हो, एक सूट देतो. नवा हाताशी नसेल आणि इंजिनाचा फिल्टर मातीने भरला असेल, तर स्वच्छ बाजूने बाहेरच्या दिशेला, ३० पीएसआय दाबाच्या आत, वीतभर अंतरावरून हवा मारा आणि लवकर बदला. तेल लावलेला कॉटन फिल्टर धुता येतो, पण तेल जास्त झालं की ते सेन्सरवर जाऊन बसतं. आणि ग्लोव्ह बॉक्समागे पिवळ्या रंगाचा कनेक्टर दिसला तर तो बहुधा एअरबॅगचा असतो, त्याला हात लावू नका.