‘क्लेम्स’ खोड, तारीख लिही

प्रिय,

जुलैपासून तुझी अमेरिकेतली रेसिडेन्सी (तज्ज्ञ डॉक्टर होण्याचं इस्पितळातलं प्रशिक्षण) सुरू होईल. तिथे तू पेशंटबद्दल लिहिलेली नोट पेशंटच्या आधी पुढच्या डॉक्टरपर्यंत पोचते आणि कॉपी-पेस्ट होत वर्षानुवर्षं फिरते, म्हणून तिच्यातले शब्द जपून निवड.

शिकागोतल्या ४०,११३ नोट्स तपासणारा एक अभ्यास २०२२ मध्ये आला. ‘रिफ्यूज्ड’ (नकार दिला), ‘अ‍ॅजिटेटेड’ (बिथरलेला), ‘नॉन-कंप्लायंट’ (सांगितलेलं न पाळणारा) अशा १५ शब्दांपैकी किमान एक तरी नोटमध्ये असण्याचे ऑड्स (असण्याचं नसण्याशी प्रमाण) गोऱ्यांच्या तुलनेत काळ्या पेशंटसाठी २.५४ पट निघाले. यात उघड शिवी एकही नाही, म्हणूनच कुणाला खटकत नाही.

‘नॉन-कंप्लायंट’ऐवजी काय घडलं ते लिही: इन्सुलिन १२ दिवस बंद, विमा संपला, पूर्वीचा डोस अमुक. यावरून पुढच्याला काहीतरी करता येतं. ‘रिफ्यूज्ड’ लिहिण्याआधी कारण विचार. काय समजावलं आणि पेशंट काय म्हणाला, दोन्ही नोंदव. ‘क्लेम्स’ (दावा करतो), ‘इन्सिस्ट्स’ (हट्टाने सांगतो) सरळ खोड, ‘सेज’ (सांगतो) पुरतं. अवतरणचिन्हं लक्षणाच्या वर्णनाला ठीक, ‘छातीवर दगड ठेवल्यासारखं’ वगैरे. औषधाची ‘रिअ‍ॅक्शन’ आली असं चिन्हांत टाकलंस, की वाचणाऱ्याला शंकाच ऐकू येते.

खूप नुकसान सिकल सेलच्या (लाल रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकण्याचा आनुवंशिक आजार) पेशंटचं होतं. नागपुरात तू हा आजार पाहिलायस. अमेरिकेत मात्र हे पेशंट बहुतेक काळे असतात आणि ‘ड्रग सीकिंग’चा (नशेसाठी औषध मागतो असा) शिक्का लगेच बसतो. एकाच काल्पनिक पेशंटच्या दोन तऱ्हेच्या नोट्स ४१३ विद्यार्थी आणि रेसिडेंट्सना वाचायला दिल्या, तेव्हा हिणवणारी नोट वाचलेल्यांनी वेदनेवर कमी उपचार सुचवले. नाडी आणि बीपी नॉर्मल असले तरी क्रायसिसची (या आजारात अचानक उठणाऱ्या तीव्र कळांची) वेदना खरी असू शकते. पेशंट आल्यापासून तासाभरात वेदनाशामक मिळायला हवं, म्हणून वेळा लिही: आला कधी, पहिला डोस कधी, पुन्हा तपासलं कधी. घरचा डोस आणि मागच्या वेळी कशाने आराम पडला, हेही. पेशंटला ‘सिकलर’ लिहू नकोस.

‘पूअर हिस्टोरियन’ (आपल्या आजाराची हकीकत नीट न सांगणारा पेशंट) हा शब्दही गमतीचाच. हिस्ट्री लिहिणार तू, नापास पेशंट! स्पॅनिश बोलणाऱ्या बाईंना दुभाष्या दिला नसेल, तर तेच लिही आणि दुभाष्या बोलावून पुन्हा विचार. घरच्या मुलाला मधे घालू नकोस.

पहिल्या ओळीत वंश लिहायची सवय सोड. त्याचा रकाना वेगळा असतो. सिकल सेलच्या निदानाला लागतो तो जीनोटाइप (जनुकांचा प्रकार), तो लिही. आणि जुनी नोट पुढे ओढण्याआधी प्रॉब्लेम लिस्ट (पेशंटच्या तक्रारींची कायमची यादी) उघडून बघ, तिथे कुणाचं तरी पाच वर्षांपूर्वीचं ‘नॉन-कंप्लायंट’ अजून बसलेलं सापडेल.