फ्रॅक्चर नाही, पण चालता येते का?

प्रश्न : आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. माझ्या ७६ वर्षांच्या सासूबाई परवा न्हाणीघरात घसरून पडल्या. रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात एक्स-रे काढून, ‘फ्रॅक्चर नाही’ असे सांगून, इंजेक्शन देऊन घरी पाठवले. घरी मात्र जिन्याच्या दुसऱ्या पायरीवरच त्या थांबल्या. अखेर खुर्चीत बसवून वर न्याव्या लागल्या. अशा वेळी तेथे फिजिओथेरपिस्ट असल्याचा उपयोग झाला असता का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : आधी तातडीचे सांगतो. सासूबाईंना अजूनही त्या पायावर भार देता येत नसेल, किंवा पाय टेकताच जांघेत कळ येत असेल, तर आजच अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. खुब्याचे बारीक फ्रॅक्चर पहिल्या एक्स-रेत कधी कधी दिसत नाही. त्यासाठी सीटी स्कॅन किंवा एमआरआय लागतो.

आता आपल्या प्रश्नाकडे वळतो. उपयोग निश्चित झाला असता. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातील अनेक रुग्णालयांत फिजिओथेरपिस्ट आपत्कालीन विभागातच नेमलेले असतात आणि पडझड, मुरगळ, पाठदुखी, चक्कर अशा तक्रारींचे रुग्ण तपासतात. डॉक्टरांच्या संमतीने त्यांनी सासूबाईंना खुर्चीतून उठवून, ३ मीटर चालवून, वळून पुन्हा बसायला सांगितले असते, आणि त्यांना उभेच राहता येत नाही हे तेथेच ध्यानात येऊन डॉक्टरांनी पुन्हा विचार केला असता. घरी जिना आहे का, कठडा कोणत्या बाजूला आहे, रात्री लघवीसाठी किती वेळा उठावे लागते, हेही त्यांनी विचारले असते. गर्दीच्या त्या खोलीत हे विचारायला दुसऱ्या कोणाला सहसा सवड नसते, आणि मला तरी त्यांच्या कामातला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. चालता येत असते तर वॉकरही मापाने मिळाला असता: सरळ उभे राहून हात सैल सोडला की वॉकरची मूठ मनगटाच्या घडीशी यावी. जिना चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना दुखरा आधी, हे त्यांच्याकडून तेथेच करवून घेतले असते.

आपल्याकडे ही सोय अजून विरळाच आहे. मात्र मोठ्या रुग्णालयांत फिजिओथेरपी विभाग बहुधा असतोच. तेव्हा पुन्हा जाल तेव्हा, घरी सोडण्यापूर्वी तेथून कोणाला बोलावून यांना आमच्यासमोर चार पावले चालवून पाहा, असा आग्रह धरायला संकोच करू नका.