चौथ्या तिकिटाचा हिशेब

आलेले पत्र (थोडे संक्षिप्त करून)

माझे पती जालन्यात एका खासगी कंपनीत हिशेबनीस आहेत आणि मी घरी शिकवण्या घेते. मुलगी सोळा वर्षांची असून यंदा अकरावीला आहे, मुलगा तेरा वर्षांचा आहे. चार वर्षांत आम्ही कोठेही गेलेलो नाही, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत तीन दिवस हैदराबादला जायचे ठरवले आहे. भिशीचे आणि बोनसचे मिळून २५,००० रुपये त्यासाठी बाजूला ठेवले आहेत. दोन खोल्या धरून प्रवास आणि राहण्यात १३,००० जातील, असा यांचा अंदाज आहे. मी रात्री जागून वहीत तासातासाचे वेळापत्रक केले आहे. गुरुवारी बिर्ला मंदिर आणि हुसेनसागर, शुक्रवारी सकाळी दहाला सालारजंग संग्रहालय आणि दुपारी चारमिनार, शनिवारी पूर्ण दिवस रामोजी फिल्म सिटी. फिल्म सिटीचा यांचा आग्रह आहे, कारण मुलांना तीच आवडेल असे त्यांना वाटते. परंतु मुलांना कशाचाच आनंद नाही. मुलगा हॉटेलात वाय-फाय आहे का, एवढेच विचारतो. थोरलीने सुरुवातीला एकूण खर्च किती येणार असे विचारले होते, पण मुलांना पैशाच्या गोष्टी कशाला, म्हणून यांनी ‘ते तू बघू नकोस’ असे सांगून विषय बदलला. आता ती म्हणते, ‘मी आजीजवळ राहते, तुम्ही तिघे जाऊन या, तिघांना एक खोलीही पुरेल.’ इतके करूनही हे ऐकून घ्यावे लागते, याचे फार वाईट वाटते. या मुलांना आनंदाने कसे न्यावे, की बेतच रद्द करावा?

— जालन्याची एक आई

उत्तर

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातला महत्त्वाचा प्रसंग तुम्ही एका वाक्यात उरकला आहे, आणि तोही वाय-फायच्या तक्रारीनंतर. मुलीने एकूण खर्च किती येणार असे विचारले आणि तिला ‘ते तू बघू नकोस’ असे उत्तर मिळाले. तुम्हाला हे किरकोळ वाटले, कारण विषय तिथल्या तिथे मिटला. माझ्या मते तो मिटलेला नाही. त्यानंतर ती जे बोलली ते त्याच प्रश्नाचे तिने स्वतः शोधलेले उत्तर आहे.

‘तुम्ही तिघे जाऊन या, तिघांना एक खोलीही पुरेल’ हे वाक्य तुम्ही टोमणा म्हणून घेतलेत. ते नीट वाचा. जिला सहलीचाच कंटाळा आहे ती मुलगी ‘मला नाही यायचे’ म्हणते आणि दार लावून घेते. आपण गेलो नाही तर किती खोल्या वाचतील, याचा विचार करत बसत नाही. तुमच्या मुलीने तो केला आहे. चौघांना दोन खोल्या लागतात, तिघांचे एकीत भागते, जाता-येता एक तिकीट वाचते आणि तीन दिवसांचे एका माणसाचे खाणे वाचते, एवढे गणित तिने कोणी आकडा सांगितलेला नसताना मांडले, आणि जो खर्च आपल्या अखत्यारीत कमी करता येण्यासारखा होता तो, म्हणजे स्वतःचा, कमी करून दाखवला. हिशेबनिसाच्या घरात वाढलेल्या मुलीला वजाबाकी यावी यात नवल नाही. ती वजाबाकी घरातल्या दोन्ही मोठ्या माणसांना वाचता आली नाही, याचे मात्र मला नवल वाटते.

सोळा वर्षांच्या मुलीला घरातल्या पैशांचे काही कळत नाही, हा समज आजच सोडून द्या. क्लासची फी किती हप्त्यांत भरली जाते हे तिला माहीत असणार, भिशी कोणत्या महिन्यात लागली हे तिने स्वयंपाकघरातल्या बोलण्यातून ऐकले असणार, आणि चार वर्षे आपण कोठे का गेलो नाही याचे कारण तिला कोणी समजावून सांगण्याची वेळ आली नसणार. माहीत नाही तो केवळ आकडा, आणि न कळलेला आकडा माणूस नेहमी मोठाच धरतो. तिने मनात जी रक्कम धरली आहे तिच्यापेक्षा तुमचे २५,००० लहान निघण्याची शक्यता बरीच आहे. शिवाय ही रक्कम उसनवारीची नाही आणि तिच्यामुळे अकरावीच्या एकाही हप्त्याला धक्का लागत नाही, हे ऐकल्याशिवाय ती मोकळ्या मनाने गाडीत कशी बसेल?

मुलांना पैशाच्या गोष्टी सांगायच्या नाहीत यात तुम्हाला माया दिसते, हे मला कळते, परंतु त्याचे कौतुक करायला मी तयार नाही. तुमच्या पतींनी पैसे राखून ठेवले, तुम्ही रात्री जागलात, आणि मुलांच्या वाट्याला आनंदी होण्याचे तेवढे काम ठेवलेत, तेही तुमच्या वहीत लिहिलेल्या वेळी. फिल्म सिटी मुलांना आवडेल असे तुमच्या पतींना वाटते. मुलांना विचारले का, याचा पत्रात कोठे उल्लेख नाही.

मुलांच्या या वयात सहल महाग का होते, तेही सांगायला हवे, म्हणजे मुलीच्या मनात काय चालले असेल याचा अंदाज येईल. रेल्वेत बारा वर्षे पूर्ण झाली की पूर्ण भाडे पडते. हॉटेलवालेही साधारण त्याच वयापासून मुलाला मोठे माणूस धरतात आणि तिसऱ्या-चौथ्या माणसाला जादा गादीचे पैसे लावतात. तुम्ही मागे गेलात तेव्हा धाकटा नऊ वर्षांचा होता आणि चौघे एका खोलीत मावत होता. आता तुमचे कुटुंब सर्वार्थाने चार पूर्ण तिकिटांचे झाले आहे. हा बदल तुमच्या आधी तुमच्या मुलीच्या लक्षात आलेला दिसतो. दोन खोल्यांच्या बाबतीत मात्र काटकसर करू नका. सोळाव्या वर्षी मुलीला कपडे बदलायला आणि आंघोळीला स्वतःची कडी लागते. तुम्ही दोघी एका खोलीत आणि बापलेक दुसऱ्या खोलीत, एवढे ठरवून हा विषय बंद करा.

आता काय करायचे ते सांगते, आणि याला मी पर्याय देणार नाही. आज रात्री जेवणे झाल्यावर मुलांना बसवा आणि संपूर्ण आकडा सांगा: २५,००० आले कोठून, १३,००० कशात जाणार, हाती १२,००० कसे राहणार. हे तुम्ही बोलायचे नाही. ‘ते तू बघू नकोस’ हे ज्यांनी म्हटले त्यांनीच आता ‘हे तूच बघ’ असे म्हणायचे. त्यानंतर उरलेले १२,००० रुपये आणि तीनही दिवस मुलीच्या ताब्यात द्या, धाकट्याला तिच्या हाताखाली द्या आणि तुमची वही कपाटात ठेवा.

त्या वहीचा मान राखूनच एक गोष्ट दाखवते. तुम्ही शुक्रवारी सकाळी दहाला सालारजंग लिहिले आहे. सालारजंग संग्रहालय शुक्रवारी बंद असते. त्याच दुपारी तुम्ही चारमिनारला जाणार आहात, आणि शुक्रवारच्या नमाजामुळे शेजारच्या मक्का मशिदीभोवती त्या वेळी सर्वाधिक गर्दी असते. तुमच्या मुलाने ज्या मोबाइलवरून वाय-फायची चौकशी चालवली आहे त्याच मोबाइलवर त्याने हे दोन मिनिटांत शोधून काढले असते, परंतु त्याला कोणी कामाला लावले नाही.

फिल्म सिटीचेही तसेच आहे. ती शहराबाहेर, विजयवाड्याच्या रस्त्याला, सुमारे तीस किलोमीटरवर आहे. माणशी तिकीट हजाराच्या बरेच वर जाते आणि जाण्यायेण्यासह एक पूर्ण दिवस मोडतो, म्हणजे बारा हजारांपैकी जवळजवळ निम्मे त्या एका दिवशी संपतात. याउलट गोवळकोंड्याचे तिकीट भारतीय माणसाला पंचवीस रुपयांच्या आसपास आहे आणि पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही, म्हणजे तुमचा मुलगा तेथे फुकट जातो. गोवळकोंडा तुमच्या वहीत नाही, याचे मला वाईट वाटले. फतेह दरवाजाच्या घुमटाखाली वाजवलेली टाळी सुमारे किलोमीटरभर दूर आणि उंच असलेल्या बालाहिसार या बालेकिल्ल्यावर ऐकू जाते. शत्रू आल्याची खबर वर पोहोचवण्याची ती सोय होती. बहिणीने वर चढावे आणि भावाने खाली थांबून टाळी वाजवावी, मग त्यावरून दोघांनी दिवसभर वाद घालावा, हे त्या वयाला फिल्म सिटीतल्या रांगेपेक्षा अधिक शोभते. मेट्रोही आहे, २०१७ पासून चालू आहे, परंतु चारमिनारपर्यंत ती जात नाही. हिरवी मार्गिका महात्मा गांधी बसस्थानकाशी संपते आणि तेथून पुढे रिक्षाच करावी लागते. बेत एक दिवसाने पुढे सरकवला तर सालारजंग शनिवारी होते. तेथल्या अंगणात दुपारी बारा वाजण्याआधीच लोक जागा धरून बसतात, कारण मोठ्या घड्याळातून एक दाढीवाला बाहुला बाहेर येतो आणि बाराचे ठोके देतो. शिवाय रविवारी अबिड्सच्या पदपथावर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो तो मिळतो. तुमची मुलगी वाचत असेल तर तेथून तिला ओढून आणावे लागेल.

यातले काहीही तिला सांगू नका. हे मी तुमच्यासाठी लिहिले आहे, तुमच्या वहीच्या पलीकडेही हैदराबाद शिल्लक आहे एवढे पटावे म्हणून. तिला तिचे सापडू द्या. ज्या आजीजवळ ती राहणार होती त्या आजीलाही विचारू द्या. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि आजीच्या वडीलधाऱ्यांना राजधानी म्हणून हैदराबादच माहीत होते, त्यामुळे त्या घरात या शहराच्या दोन गोष्टी निघणारच.

तिने फिल्म सिटी ठेवली तर ठेवू द्या, मात्र त्यासाठी इतर दोन दिवस कसे निभवायचे हे तिलाच ठरवू द्या. पॅराडाइज हॉटेलातली बिर्याणी खाऊन संध्याकाळी इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किटांवर भागवावे, असे तिने ठरवले, तर तुम्ही ‘पोरांचे पोट भरले नाही’ म्हणून हळहळू नका. पर्सच्या आतल्या कप्प्यात चार घड्या घालून ठेवलेली पाचशेची नोट तुमच्याकडे असणारच, कारण ती नसलेली आई मला अजून भेटलेली नाही. ती नोट आजारपणासाठी आणि चुकलेल्या गाडीसाठी आहे. तिसऱ्या दिवशी मुलीकडे दोनशे रुपये उरले आहेत आणि लाड बाजारात तिला बांगड्या आवडल्या आहेत, अशा वेळी ती नोट बाहेर काढलीत, तर तिच्या हातात दिलेला हिशेब खोटा होता असे तिला वाटेल, आणि ते बरोबरच असेल. तिला बांगड्यांचा भाव करू द्या, किंवा सोडून देऊ द्या.

तिच्याकडून चुका होतील. एखाद्या दिवशी दुपारी दोनपर्यंत कोणी जेवलेले नसेल, एखादी रिक्षा दीडपट पैसे घेईल. तुमच्या पतींनी त्या वेळी हिशेबनिसाचा चेहरा करू नये. त्यांना मदत करायचीच असेल तर त्यांनी निघण्याआधी तिला खर्च लिहायची एक साधी पद्धत शिकवावी: डाव्या बाजूला ठरवलेले, उजव्या बाजूला झालेले, आणि रोज रात्री झोपण्यापूर्वी फरक. वडिलांनी आपल्या कामातले काही मुलीला हातात धरून शिकवावे, असे प्रसंग त्या घरात फारसे आले नसावेत, असा माझा तर्क आहे. चुकीचा असल्यास आनंदच आहे.

मुलाला कसे न्यावे याची चिंता करू नका. बहीण ज्याच्यावर अरेरावी करते आहे असा तेरा वर्षांचा मुलगा मागे राहत नाही.

बेत रद्द करण्याचा विचार मात्र मनातून काढून टाका, कारण तसे केलेत तर मुलगी असे समजेल की आपण खर्चाचे विचारले म्हणून घरातली सहल मोडली, आणि पुढे ती काहीच विचारणार नाही. दिवाळीच्या सुट्टीत मराठवाड्यातून हैदराबादकडे जाणाऱ्या गाड्या लवकर भरतात आणि आरक्षण आता ६० दिवस आधीच उघडते, त्यामुळे हे बोलणे रविवारवर ढकलू नका. अजिंठा एक्स्प्रेस रात्री बसवून सकाळी पोहोचवते आणि एका रात्रीचे हॉटेल वाचवते, तेवढी मात्र तिला सुचवा. तिकिटे काढताना मोबाइल तिच्या हातात द्या आणि चारही नावे तिलाच भरायला सांगा, पहिले तिचे.